पायऱ्या वाढलेलं घर

"माझ्या लहानपणी या दाराला दोन पायऱ्या होत्या. आता पाच आहेत. आणि आम्ही काही घर उचललं नाही."

आजी हे बोलल्या तेव्हा आम्ही एका जुन्या विटांच्या घरासमोर उभे होतो. घर आता त्यांचं नाही. त्यांनी तिथे पहिली अठरा-एकोणीस वर्षं काढली, मग लग्न करून ईलीला आल्या. सध्याच्या मालकांनी अंगणापर्यंत यायची परवानगी दिली होती. आजींनी काठीच्या टोकाने वरून दोन पायऱ्या दाखवल्या, "या आमच्या." तिसरी वेगळ्या विटांची होती, ती त्यांच्या वडिलांनी बांधलेली. चौथी सिमेंटची. पाचवी म्हणजे नुसता रेल्वेचा जुना लाकडी स्लीपर आडवा टाकलेला.

मी गेली अकरा वर्षं केंब्रिजशायरमधल्या ईली या गावात राहते. इथले काही जण महिन्यातून एका शनिवारी हॉलमध्ये जमतात आणि आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या लहानपणच्या आठवणी नोंदवून ठेवतात. चहा, बिस्किटं, जुने फोटो आणि मध्ये ठेवलेला माझा मोबाइल, एवढीच सामग्री. इथे ऐंशी वर्षांच्या माणसालाही नावाने हाक मारतात. मला ते आजवर जमलेलं नाही. मी त्यांना आजी म्हणते. त्याचा अर्थ सांगितला तेव्हापासून त्यांनाही तेच हवं असतं.

पायऱ्यांची गोष्ट त्यांनी पहिल्यांदा हॉलमध्ये सांगितली होती. कोणी तरी समजुतीच्या सुरात म्हणालं, की लहानपणीची मापं कधी खरी नसतात. टिपणात शेरा पडला : "पडताळणी हवी." मला तो शेरा खटकला. लहानपणच्या मापांबद्दल आपला सगळ्यांचा अनुभव उलटा असतो. तेव्हाचं मोठं आता लहान दिसतं. शाळेचं मैदान आखडतं, आजोळची विहीर उथळ होते. आजींचं घर मात्र त्या परत आल्या तेव्हा उंच झालेलं होतं. चुकलेली आठवण सहसा या दिशेने चुकत नाही. म्हणून ठरवलं, की या एकाच आठवणीचा नीट छडा लावायचा.

काळी माती

हा सगळा मुलूख फेन्स म्हणून ओळखला जातो. इंग्लंडच्या पूर्वेला वॉश नावाचं उथळ आखात आहे, त्याच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला पसरलेला सपाट, सखल प्रदेश. चार नद्या इथे येऊन रेंगाळतात आणि वॉशमध्ये उतरतात. सतराव्या शतकापर्यंत हिवाळ्यात इथे पाणीच पाणी असायचं, उन्हाळ्यात गवत आणि बोरू. माणसं वस्ती करायची ती मधल्या मधल्या उंचवट्यांवर. ईली त्यातलंच एक बेट. १०८३ मध्ये बांधायला घेतलेलं तिथलं कॅथीड्रल आजही मैलोगणती सपाट शेतांवरून जहाजासारखं दिसतं. ईली हे नावच ईल माशावरून आलं, असं सांगतात. आणि या भागात एके काळी खंड ईलच्या रूपात भरला जायचा ही तर नोंदलेली गोष्ट आहे.

हजारो वर्षं पाण्यात वाढलेले बोरू, शेवाळ, झाडं पाण्यातच पडली. पाण्याखाली हवा नाही, म्हणून ती पुरती कुजली नाहीत. त्यांचा थरावर थर साचून जी काळी, हलकी, स्पंजसारखी माती झाली ती पीट. ओली असताना तिच्या वजनातला मोठा भाग पाण्याचाच असतो. हे लक्षात घेतलं की पुढची सगळी गोष्ट उलगडते. स्पंज पिळला की तो बसतो. आणि पिळलेल्या पीटमध्ये हवा शिरली की इतके दिवस थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं. म्हणजे माती अक्षरशः हवेत विरून जाते, कार्बन डायऑक्साइड होऊन.

मोठ्या प्रमाणावर पाणी काढायला सुरुवात झाली ती १६३० च्या करारापासून. बेडफर्डचा अर्ल या उमरावाने पैसा घातलेल्या भागीदारांना जोडीला घेतलं आणि कॉर्नेलियस वर्मायडन या डच इंजिनियरला काम दिलं. पहिला मोठा सरळ कालवा १६३७ मध्ये झाला, दुसरा १६५१ मध्ये, एकवीस-एकवीस मैलांचे. दुसरा खणायला १६५० च्या डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश युद्धकैदी लावले होते. मासे, पक्षी, बोरू, गवत यांवर जगणाऱ्या स्थानिक लोकांचा याला कडवा विरोध होता. त्यांनी बांध फोडले, चर बुजवले. त्यांची बाजू इतिहासात फार थोड्या ओळींत येते, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. कारण त्यांना जे जाताना दिसत होतं ते खरोखरच गेलं.

१६५१ मध्येच इथल्या डेन्व्हर गावाजवळ ग्रेट ऊझ नदीवर दरवाजे बसले. माझं आजोळ पेणजवळच्या खारेपाटातलं. तिथे बांधातली उघाडी जसं काम करते, तसंच हे काम : भरतीला पाणी आत यायला लागलं की झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडतं. डेन्व्हरचे दरवाजे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मामांचा बांधावरचा आवाज कानात आला. उधाणाच्या दिवसांत ते रात्री उठून उघाडी बघायला जायचे, बांधाला खांड तर गेली नाही ना म्हणून. पण खारेपाटात आणि इथे एक मोठा फरक आहे. आमची माती जागेवर राहते.

इथली राहिली नाही. पन्नासेक वर्षांतच शेतं नद्यांपेक्षा खाली गेली आणि चरांतलं पाणी आपोआप नदीत जाईना. मग पवनचक्क्या आल्या, चाकाने पाणी उचलून नदीत टाकायला. त्यामुळे शेतं आणखी सुकली, आणखी बसली. पवनचक्क्यांना ती उंची झेपेना तेव्हा वाफेची इंजिनं आली. ईलीजवळच्या स्ट्रेथमचं १८३१ चं इंजिन अजून जपून ठेवलेलं आहे. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका इंजिनघराच्या भिंतीवर चार ओळींची कविता कोरली आहे : पाण्याने बुडालेल्या या भूमीवरचा उपाय विज्ञानाला पाण्यातच सापडला, वाफेच्या रूपात; संहारकाचा संहार त्याच्याच हातून. ती कोरणाऱ्यांचा आनंद खरा होता. त्यांच्या मुलांना तापाने फणफणत पडावं लागणार नव्हतं. या दलदलीत हिवताप घरोघर असे. आजींच्या आजीच्या लहानपणी त्यावर खसखशीच्या बोंडांचा काढा देत आणि रडणारं तान्हं मूलही त्यावरच झोपवत.

वाफेनंतर डिझेल, डिझेलनंतर वीज. प्रत्येक नव्या यंत्राने पाणी आणखी खोलातून उपसलं आणि प्रत्येक वेळी जमीन पाण्याच्या मागोमाग खाली गेली.

शेजारचे साक्षीदार

आजींचं घर प्रिकविलोपासून फार लांब नाही. प्रिकविलो हे ईलीच्या पूर्वेला चारेक मैलांवरचं छोटं खेडं, लार्क नदीकाठी. वस्तीचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही, पण प्रिकविलोचं लिहिते, कारण तिथे कोणीही जाऊन बघावं अशी गोष्ट आहे.

तिथल्या पाद्रीबाबांच्या जुन्या घराला पुढच्या दारापाशी पायऱ्या आहेत. घर बांधलं तेव्हा दार जमिनीलगत होतं. जमीन खाली खाली गेली तसतशा पायऱ्या जोडाव्या लागल्या. म्हणजे आजी सांगतात तसं घडू शकतं, हे पहिल्याच फेरीत दिसलं. घर का बसलं नाही, याचंही उत्तर तिथेच मिळालं : पीटमधून आरपार लाकडी खुंट ठोकून ते खालच्या घट्ट चिकणमातीवर उभं केलं की पीट बसलं तरी घर उभं राहतं. ज्यांना ते परवडलं नाही त्यांची घरं पीटसकट खाली गेली आणि तीही सारखी नाही, तर एका कुशीवर. फेन्समधल्या रस्त्यांवर अशी कललेली घरं आजही दिसतात. रस्ते स्वतःच लाटांसारखे वर-खाली झालेत.

प्रिकविलोबद्दल आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथली जुनी घरं रॉडनवर आहेत. रॉडन म्हणजे मेलेल्या नदीचं पात्र. नदीने गाळ आणून तळ भरला, मग ती दुसरीकडून वाहू लागली. पुढे बाजूचं पीट बसलं पण गाळ बसला नाही. त्यामुळे जी एके काळी नदीची खोलगट वाट होती ती आता शेतातून वळणं घेत जाणारा उंचवटा झाली आहे. नांगरलेल्या काळ्या रानात ही फिकट वळणं लांबूनही दिसतात. माणसांनी ती बरोबर हेरली आणि घरं, चर्च तिथे बांधली. जिथे होड्या चालल्या, तिथे आज लोकांची अंगणं आहेत.

दुसरा साक्षीदार पीटरबरोच्या दक्षिणेला होम फेनमध्ये उभा आहे. तिथे व्हिटल्सी मिअर नावाचं तळं होतं, इंग्लंडच्या सखल भागातलं सगळ्यात मोठं. १८५१ मध्ये ते उपसलं, लंडनच्या त्या वर्षीच्या मोठ्या प्रदर्शनात गाजलेला ॲपोल्डचा पंप लावून. जमीनमालक विल्यम वेल्स यांना पुढे काय होणार याची कल्पना होती. त्यांनी पीटमधून खालच्या चिकणमातीपर्यंत खांब ठोकून घेतला आणि माथा बरोबर जमिनीच्या पातळीला ठेवला. लवकरच त्याची जागा लोखंडी खांबाने घेतली. पहिल्या दहाएक वर्षांतच जवळपास दीड मीटर खांब उघडा पडला. १८९० च्या सुमाराला तीन मीटर. आज तो जमिनीवर साधारण चार मीटर आहे. तिथली जमीन समुद्रसपाटीपेक्षा २.७५ मीटर खाली, ब्रिटनमधली सगळ्यात सखल.

मी त्या खांबाशेजारी उभी राहिले. पाच फुटांची मी, आणि खांब माझ्या दोन-अडीचपट. आजूबाजूला बर्चची झाडी, पायाखाली ओलसर पानं. ज्या पातळीवरून लोक एके काळी चालायचे ती माझ्या डोक्यावर, झाडांच्या फांद्यांत कुठे तरी होती. वेल्स यांच्याबद्दल मला आदर वाटतो. ज्या कामाने फायदा होणार होता त्याच कामाची किंमत मोजणारी पट्टी त्यांनी स्वतः रोवून ठेवली. किती जण हे करतात?

वर येणारे ओक

आजींच्या आठवणींत आणखी दोन गोष्टी सापडल्या. त्या त्यांनी पायऱ्यांशी जोडल्या नव्हत्या. मीच त्या जोडल्या.

पहिली ओकची. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला होते. बटाटे, सेलरी आणि शुगरबीट. बीटचा कारखाना १९२५ पासून ईलीतच होता. बटाट्याच्या काढणीला शाळेला सुट्टी मिळे आणि आयांच्या मागे मुलंही ओळीला लागत. नांगरताना कधी तरी खाडकन आवाज येई, फाळ अडे. वडील तिथे एक काठी रोवून पुढे जात. मग हंगाम संपला की साखळ्या लावून जमिनीतून काळं लाकूड ओढून काढायचं. हजारो वर्षांपूर्वी, पाणी वाढलं तेव्हा जंगलातले जे ओक पडले आणि पीटमध्ये गाडले गेले, तेच हे. कोळशासारखे काळे, आणि वाळले की लोखंडासारखे टणक.

"मी लहान होते तेव्हा त्या शेतात दोन-तीन निघाले असतील," आजी म्हणाल्या. "लग्नाच्या वेळेपर्यंत बांधाशी ढीग झाला होता. बाबा म्हणायचे, ओक वर यायला लागलेत."

ओक वर येत नव्हते. शेत त्यांच्यापर्यंत खाली जात होतं. पण शेतात दिवसभर चालणाऱ्या माणसाला ते जसं दिसतं तसंच त्याने सांगितलं, आणि त्याचं निरीक्षण अचूक होतं. अशाच एका ओकचं, २०१२ मध्ये नॉरफकमधल्या शेतात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या झाडाचं, तेरा मीटर लांबीचं टेबल २०२२ मध्ये ईलीच्या कॅथीड्रलमध्ये मांडलं होतं. आजींना मी ते बघायला घेऊन गेले. त्यांनी त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "आम्ही हे सरपणाला वापरायचो."

दुसरी गोष्ट वाऱ्याची. एप्रिल-मेमध्ये, पेरणी होऊन कोंब वर यायच्या आत, कोरडा जोराचा वारा सुटला की काळी माती उठायची. इथे त्याला फेन ब्लो म्हणतात. भर दुपारी दिवा लावायला लागायचा. आई ओल्या फडक्यांनी खिडक्यांच्या फटी बुजवायची, तरी संध्याकाळी ताटल्यांवर काळा थर. दुसऱ्या दिवशी चर मातीने भरलेले आणि पेरलेलं बी शेजाऱ्याच्या रानात गेलेलं. "आमचे बीट त्यांच्याकडे उगवायचे," असं त्या हसत सांगतात. जमीन कुठे गेली याचं एक उत्तर त्या ताटल्यांवर होतं.

बांधावरचे कंदील

आता त्यांची सगळ्यात ठसठशीत आठवण. आजी १९३७ च्या. त्या नऊ-दहा वर्षांच्या असतानाची एक रात्र. बाहेर वादळ, घरात झोप नाही. वडील आणि मोठा भाऊ नदीच्या बांधावर गेलेले, चिकणमातीची पोती रचायला. आई चहाची किटली घेऊन दारात. आणि दारातून वर बघितलं तर बांधावर कंदिलांची रांग.

"वर बघितलं?" मी विचारलं.

"वरच. आमच्या छपराच्या कडेपेक्षा उंचावरून माणसं चालत होती. त्यांच्या पलीकडे पाणी होतं, हे मला माहीत होतं. म्हणजे पाणी आमच्या झोपायच्या खोलीपेक्षा उंच होतं."

ही रात्र कोणती, ते शोधणं अवघड नव्हतं. १९४७ चा हिवाळा इंग्लंडमध्ये आजही सांगितला जातो. जानेवारीच्या अखेरीपासून बर्फ पडत राहिला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एकाएकी वितळायला लागला, वर पाऊस, आणि खालची जमीन गोठलेली असल्याने पाणी मुरायला जागा नाही. नद्या काठोकाठ. १६ मार्चच्या रविवारी रात्री प्रचंड वादळ झालं आणि लाटांनी बांध फुटले. ओव्हर या गावाजवळ ग्रेट ऊझ नदीला मोठं भगदाड पडलं, हजारो एकर शेतं पाण्याखाली गेली. ते बुजवायला शेवटी लष्कराने नेपच्यून नावाच्या, पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या गाड्याच ओळीने त्या खिंडारात उभ्या केल्या. आजींच्या बाजूचा बांध टिकला. त्यांना आठवतं, की पुराने उठवलेली मावशी आणि तिची तीन मुलं मग महिनाभर त्यांच्याकडे होती, आणि मावशी सारखी पेंढ्याखाली साठवून ठेवलेल्या बटाट्यांबद्दल रडायची, कारण वर्षाचं सगळं त्यात होतं.

इथे आठवणीत एक चूक मात्र निघाली. आजी ठामपणे सांगत होत्या, की ती रात्र फेब्रुवारीतली, कारण त्याच दिवशी त्या बर्फावर स्केटिंग करून आल्या होत्या. फेन्समधली मुलं चालायला लागली की स्केटवर उभी राहतात. वेल्नी गावच्या शेतमजुरांनी एकोणिसाव्या शतकात या खेळातली मानाची बक्षिसं जिंकली आणि इंग्लंडची राष्ट्रीय स्केटिंग संघटना १८७९ मध्ये केंब्रिजलाच स्थापन झाली. तेव्हा स्केटिंग खरंच असणार. पण वादळाच्या त्या दिवशी नाही. तोवर बर्फ पाणी झाला होता. दोन वेगळे दिवस त्यांच्या मनात एकमेकांना चिकटले आहेत. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "असेल. पण कंदील वर होते."

ही तपासणी करताना मला उमगलेली गोष्ट हीच आहे. आजींच्या तारखा चुकतात, क्रम चुकतो. उंच्या चुकत नाहीत. कारण उंचीची आठवण डोक्यात नव्हे, शरीरात राहते. किती पायऱ्या चढल्यावर दाराच्या कडीला हात पोचायचा, किटली घेऊन बांध चढताना किती दम लागायचा, कंदील बघायला मान किती वर करावी लागायची. फेन्समधल्या खेड्यांच्या इतिहासात सनांइतकीच उंचीला किंमत आहे, आणि ती उंची या माणसांच्या गुडघ्यांत आणि मानेत नोंदलेली आहे. आम्ही मात्र त्यांना आधी साल विचारतो, आणि साल चुकलं की शेजारी शेरा मारतो.

मोजमाप

पायऱ्या मी टेपने मोजल्या. नंतर जोडलेल्या तीन मिळून अर्धा मीटर आणि वर थोडं. वडिलांनी तिसरी पायरी बांधली ती आजी शाळेत असताना, म्हणजे हा पाऊण शतकाचा हिशेब. वर्षाला सात-आठ मिलिमीटर.

होम फेनचा खांब १८९० पासून आजवर साधारण एक मीटर आणखी उघडा पडला, म्हणजे वेग जवळजवळ तोच. पण हे जुळलं म्हणून मी लगेच खूश झाले नाही. होम फेनमध्ये आता झाडी आहे, नांगर चालत नाही. नांगराखालच्या पीटमध्ये वेग जास्त असायला हवा, वर्षाला एक-दोन सेंटिमीटर. मग आजींच्या दारात कमी का? अंगणाकडे नीट बघितल्यावर कळलं. दारापुढे वर्षानुवर्षं विटांचे तुकडे, राख, खडी टाकून जागा भरून घेतली आहे. घराच्या मागे, जिथे शेत भिंतीपर्यंत येतं, तिथे जमीन आणखी ढोपरभर खाली आहे. पायऱ्या सांगतात त्याहून जास्त माती गेली आहे. तिथे विटांच्या पायाखालच्या एका खुंटाचं टोकही दिसतं, काळं, ओलसर. जे कायम जमिनीच्या पोटात राहायचं ते उघड्यावर आलं आहे आणि हवा लागल्यामुळे कुजू लागेल, ही मला या सगळ्यातली सगळ्यात काळजीची गोष्ट वाटली. मालकांना ती सांगितली.

पुढे काय, हा प्रश्न आजींच्या पुतण्याला विचारला. तो शेतकरी आहे. इंग्लंडच्या अव्वल दर्जाच्या शेतजमिनीपैकी जवळपास निम्मी फेन्समध्ये आहे. देशाची भाजी इथून जाते. पीट विरतं हे त्याला कोणी सांगायला नको. काही शेतांत नांगराला आताच खालची पिवळसर माती लागते. चरांतली पातळी वर ठेवली तर पीट वाचतं, पण बटाट्याची मुळं कुजतात. होम फेनच्या भोवती २००१ पासून ग्रेट फेन नावाचा प्रकल्प शेतं विकत घेऊन त्यांत पाणी परत आणतो आहे, आणि ओल्या जमिनीत वाढणारी पिकं, पाणकणीस आणि शेवाळ, लावून बघतो आहे. पुतण्या म्हणतो, "मी लावीन. पण घेणार कोण?" त्याला चूक म्हणणं मला जमत नाही. चारशे वर्षांच्या उपशाचं बिल एका पिढीच्या शेतकऱ्याने भरावं असं म्हणणं सोपं आहे. पण पाणी वर आणायलाच हवं, याबद्दलही माझ्या मनात शंका उरलेली नाही, आणि त्याचा खर्च देशाने उचलायला हवा.

विकन फेनला तर गोष्ट पूर्ण उलटी फिरली आहे. हा दलदलीचा तुकडा १८९९ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने राखलाय, कधी नांगरला नाही. भोवतालची शेतं बसत गेली आणि तो मात्र जुन्या उंचीवर राहिला. त्यामुळे पाणी त्यातून निसटून बाहेर जातं. तिथे शेतातून आणून उभी केलेली एक लाकडी पवनचक्की आहे. जन्मभर तिने जमिनीतलं पाणी बाहेर काढलं. विकनमध्ये तिला पाणी आत भरायच्या कामाला लावलं. आजींनी ती बघितली तेव्हा त्या बराच वेळ पात्यांकडे बघत उभ्या होत्या.

टिपणातला शेरा मी खोडला नाही. त्याखाली पायऱ्यांची मापं, मागच्या भिंतीचा फोटो, होम फेनच्या खांबाचे आकडे आणि कंदिलांची हकिगत जोडली. १६ मार्च १९४७ ही तारीखही घातली, आणि स्केटिंग आधीचं असणार, हेही.

त्या दिवशी निघताना आजी परत दारापाशी गेल्या. खालच्या स्लीपरवर पाय ठेवायच्या आधी त्यांनी काठीचं टोक त्याच्याखाली सरकवलं. ते आत गेलं. लाकडाच्या आणि मातीच्या मध्ये चार बोटं फट होती, आणि स्लीपर दोन्ही टोकांना एकेका विटेवर टेकलेला होता.

"सहावी लागणार," त्या म्हणाल्या.